शेवटचा कप आणणारे पाच

विधिमंडळाच्या अधिवेशनाचे बांबू रस्त्याच्या कडेला येऊन पडले की माझे गुडघे दुखायला लागतात. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर आला की पोलिसांच्या गाड्या येतात, बर्डीकडचे रस्ते वळवले जातात, हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग चढतात आणि संध्याकाळ घाईघाईने उरकते. घरात सगळे म्हणतात, हवा बदलली. माझ्या मनात मात्र एकच येतं, कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावरचा जुने विरुद्ध नवे सामन्याचा रविवार जवळ आला. यंदाही तो आला. यंदा येऊ नये असं फार वाटत होतं.

हा सामना म्हणजे आमच्या कॉलेजचं एक खूळ आहे. जुन्यांकडून कोण खेळणार हे ठरलेलं असतं. विद्यापीठाचा शेवटचा कप ज्यांनी आणला ते पाच. पुढचा कप आला की तो आणणाऱ्या पाचांनी त्यांची जागा घ्यायची आणि आधीच्यांनी खुर्चीवर बसून चहा प्यायचा. पूर्वी कप इतक्या नेमाने यायचा की एखाद्या पाचांना जुने म्हणून दोन हिवाळे मिळाले तरी पुष्कळ. मग आमच्या बॅचने कप आणला, आणि त्यानंतर कोणी आणलाच नाही. त्यामुळे दिवाकर, मनोहर आणि बाकीचे तिघे केस काळे होते तेव्हापासून दरवर्षी जुने म्हणून उतरतायत. त्यांच्या पोरांची लग्नं झाली, पेन्शनी लागल्या, एकाच्या छातीत स्टेंट बसला, तरी यांना सुट्टी द्यायला कोणी येईना. दिवाकर म्हणतो, "सरकारनं रिटायर केलं गा आपल्याले, पण या कॉलेजनं काही केलं नाही." दरवर्षी म्हणतो, दरवर्षी आम्ही हसतो.

आणि मी? मी त्याच बॅचचा, त्याच टीमचा, सहावा. बेंचवरचा. सामन्याच्या दिवशी मी टेबलाशी बसून स्कोर धरतो. अंगात चांगला स्वेटर, बाजूला थर्मास, हातात पेन. बघणाऱ्याला वाटावं, हा कोणी प्राध्यापक असेल.

आमच्या कॉलेजचं बास्केटबॉल एकेकाळी काय चीज होती, हे आता सांगायला गेलं तर समोरचा माणूस मोबाईल काढतो. तेव्हा कोर्ट मुरमाचं होतं. पहाटे पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, आणि मग धुक्यात खेळ. थंडीत बॉल दगडासारखा लागायचा. बोटांना भेगा पडायच्या, पडलं की गुडघ्यात मुरमाचे खडे रुतायचे आणि ते आंघोळीच्या वेळी झोंबायचे. वर्धेहून, यवतमाळहून पोरं केवळ या कोर्टासाठी आमच्या कॉलेजात नाव घालायची. इथे पाचात खेळलेल्याला रेल्वे नोकरीला बोलवायची, पोलीस खातं बोलवायचं. सामन्याच्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर बसायला जागा मिळायची नाही आणि दुसऱ्या कॉलेजची पोरं आमच्या मरून रंगाच्या बनियनींकडे बघून आधीच मान टाकायची. हे सगळं एका माणसाने उभं केलं होतं, देवतळे सरांनी. सर स्वतः कबड्डीतले. त्यांना बास्केटबॉल खेळताना कोणी पाहिलं नव्हतं. पण बोलायला लागले की पोरगं मुकाट धावत जाऊन भिंतीला हात लावून परत यायचं.

सरांचा एक नेम होता आणि तोच कॉलेजचा नेम झाला. जे पाच सुरू करतील तेच पाच संपवतील. मधे बदली खेळाडू नाही. दुसऱ्या टीमा आठ-आठ, दहा-दहा जण फिरवायच्या, दमला की बसव, चुकला की बसव. आमच्याकडे ते कमीपणाचं मानलं जायचं. "आमच्या पाचांत भागते," असं आम्ही छाती काढून सांगायचो. मीही सांगायचो. बेंचवर बसून सांगायचो, ही त्यातली गंमत.

आता कोणी विचारेल, मग बेंचवरचे होते कशाला? सरावासाठी. रोज पहाटे आम्ही त्या पाचांविरुद्ध खेळायचो. मनोहरला अडवायचं काम माझं होतं. मनोहर उंच, सडपातळ, बोलायला गोड आणि कोर्टावर भलता हलकट. खांदा पाडायचा उजवीकडे आणि जायचा डावीकडून. त्याला अडवून अडवून मी इतका शिकलो, की शेवटच्या वर्षी दहा वेळा तो यायचा तर पाच-सहा वेळा मी त्याला थांबवायचो. दिवाकर ओरडायचा, "अबे मन्या, विल्या थांबवून राहिला तुले, लाज वाट!" आणि मला वाटायचं, सरांनी ऐकलं असेल. ऐकलंच असेल. सराव संपला की सर पोतं उघडायचे. काटोलकडे त्यांच्या घरच्यांची बाग होती. संत्री वाटायचे, आणि तेवढ्यात मात्र पाच आणि बाकीचे असा भेद नव्हता. सगळ्यांना दोन-दोन. त्या सालींचा वास आणि हातावरचा रबराचा वास मिळून जे काही व्हायचं, ते माझ्यासाठी अजून डिसेंबर आहे.

मला सामन्यात का उतरवत नाही, असं एकदा धीर करून सरांना विचारलं. त्यांनी मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "विलास, हाताले बोटं पाच असते. सहावं असलं तर लोकं कौतुकानं पाह्यते, पण त्याच्यानं काम होत नाही." वर पाठीवर थाप मारली. थाप प्रेमाचीच होती.

त्या हिवाळ्याची फायनल आमच्याच कोर्टावर झाली. ऊन कोवळं होतं आणि भिंतीवर माणूसच माणूस. उत्तरार्ध चालू होता, आम्ही थोडे मागे होतो, आणि मनोहर रिंगखालून उतरताना दुसऱ्याच्या पायावर उतरला. घोटा फिरला तो आवाज मला बेंचवर आला. तो मुरमावर बसला, पाय हातात धरून, तोंड पांढरंफटक. पंचाने शिट्टी मारली. सर वळले, बेंचकडे वळले, आणि मी उठलो. कोणी सांगितलं नव्हतं. मी उठलो आणि अंगातला स्वेटर काढला. त्या क्षणी मला मनोहरचं काही वाटलं नाही, कपाचं काही वाटलं नाही. बाप रे, आता माझं नाव घेतील, एवढंच कानात वाजत होतं. आयुष्यात तेवढा उभा मी पुन्हा कधी राहिलो नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातला मफलर काढला, पाण्यात बुडवला, मनोहरच्या घोट्याभोवती करकचून बांधला आणि विचारलं, "जमते?" मनोहर माझ्याकडे बघत म्हणाला, "जमते." आणि उभा राहिला.

मी स्वेटर घातला. खाली बसलो. शेजारच्याने माझ्या मांडीवर हात ठेवला, तो मी काढला.

आम्ही जिंकलो. मनोहर लंगडत लंगडत खेळला आणि शेवटचे दोन्ही बास्केट त्याचेच. लोक भिंतीवरून उड्या टाकून आत आले. बर्डीवरच्या एका टपरीवर सगळ्यांनी तर्री पोहे खाल्ले, तर्री इतकी जहाल की रडणारे आणि हसणारे ओळखू येईनात, आणि मला ते बरंच होतं. मनोहर माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होता. म्हणाला, "तू उठला होता न, ते पाह्यलं मी. तुले उठलेलं पाह्यलं अन् माहा पाय दुखनंच बंद झालं बे." आणि हसला. त्यात खोट नव्हती, त्याला वाटलं मला हसू येईल. मी हसलो. काय करणार? मित्र होता. आणि त्याचा पाय पुढे महिनाभर प्लास्टरमध्ये होता, तेव्हा डबा घेऊन जाणाराही मीच होतो.

पुढच्या वर्षी आम्ही सगळे कॉलेजातून बाहेर पडलो, आणि सरांनी नवे पाच उतरवले. चांगली पोरं होती. उंच होती, धावणारी होती. पण त्यांनी एकाही खऱ्या सामन्यात एक मिनिट काढलं नव्हतं. आमच्या पाचांनी त्यांच्यासाठी मिनिटच ठेवलं नव्हतं. पहिल्याच फेरीत हरली. त्यापुढच्या वर्षीही तेच. चार हिवाळे कप नाही म्हटल्यावर वर्धेची पोरं दुसरीकडे जायला लागली, रेल्वेवाले दुसऱ्या कॉलेजात विचारायला लागले. मग गावोगाव इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, मग कोर्ट सिमेंटचं झालं, मग त्यावर परीक्षेच्या दिवसांत स्कूटरी लागायला लागल्या. लोक या सगळ्याला वेगवेगळी कारणं देतात. कोणी संस्थाचालकांना शिव्या घालतं, कोणी मोबाईलला. माझं मत विचाराल तर त्या कॉलेजचं बास्केटबॉल त्याच नेमाने मारलं ज्याने ते मोठं केलं. ज्या झाडाखाली दुसरं काही उगवू देत नाहीत, ते पडल्यावर नुसतं ऊन उरतं. हे मी दिवाकरला एकदा बोललो, तर तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

सर फार वर्षं जगले. महाल भागात एका गल्लीत वरच्या मजल्यावर खोली होती, तिथे मी वीज मंडळाच्या कामाने गेलो की डोकवायचो. शेवटी शेवटी डोळे गेले होते. एकदा म्हटलं, "सर, मले एकदा उतरवायचं होतं हो." खूप वर्षांनी, अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हटलं. सरांनी कान पुढे केला आणि विचारलं, "तू कोणत्या बॅचचा बाबू?" मी बॅच सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. "वा! दिवाकरची बॅच!" म्हणाले, आणि पाचही नावं धडाधड घेतली. मी पायऱ्या उतरून खाली आलो. गल्लीत एक माणूस हातगाडी आडवी लावून भांडत होता. मीही थोडं भांडून घेतलं.

या दसऱ्यानंतर मनोहर गेला. काही आजार नाही, काही नाही. बुटीबोरीला जावयाकडे गेला होता, जेवून हात धुवायला उठला आणि मोरीपाशीच बसला, तो बसलाच. घाटावर आम्ही सगळे होतो. त्याच्या बायकोने टीमची मरून रंगाची बनियन आणली होती, ती दिवाकरने त्याच्या अंगावर पसरली. एवढी वर्षं जपलेली, काखेत उसवलेली. मी लाकडांपाशी उभा होतो आणि रडत होतो, खरंच रडत होतो. त्या रडण्यातच माझ्या मनाने म्हटलं, आता चौघे राहिले. चौघांना सामना सुरू करता येत नाही, नियमच आहे. माझी मलाच शिसारी आली. पण विचार आला तो आला, आणि त्यानंतर दिवाळी गेली, थंडी पडली, तरी तो गेला नाही. रस्त्याच्या कडेला बांबू दिसले आणि मला कळलं की मी दिवाकरची वाट बघतोय.

तो आला. बेसा भागात आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. धापा टाकत आला, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, आणि खिडकीतून समोरच्या नव्या बिल्डिंगचं बांधकाम बघत राहिला.

"विलास," म्हणाला. नेहमी विल्या म्हणतो. "मन्याच्या जागी तू ये गा."

बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "अहो भाऊजी, काही तरी काय? यायच्या गुडघ्याले डॉक्टरनं काय सांगतलं, माहीत आहे न तुम्हाले?"

"वहिनी, कोणी पळून नाही राहिलं तिथी. आम्ही तं चालतच खेळतो. पोट्टे आमच्या अंगाले हात नाही लावत. दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे, संपलं."

"मग एक वर्ष नाही खेळलं तं काय होते?"

दिवाकरने कप बशीत ठेवला. "काही होत नाही," तो म्हणाला. "तेच तं आहे न वहिनी. काहीच होत नाही. कोणी विचारनारही नाही काहून नाही खेळले म्हनून. एकदा थांबलं का मंग संपलंच."

ती माझ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला फायनलचं सगळं ठाऊक आहे, स्वेटरचंही. ती नुसतं एवढंच म्हणाली, "जायचं असन तं पट्टा बांधून जा." आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

मी दिवाकरला विचारलं, "नेम काय म्हनते? मी तं पाचात नव्हतो."

"सर गेले. मन्या गेला. आता नेम म्हनजे आपन चौघं, अन् आमचं चौघांचं ठरलं." मग म्हणाला, "तुले राग आहे काय गा?"

"आहे," मी म्हटलं.

"असू दे. राग घेऊन ये."

रविवारी कोर्टावर गेलो. भिंतीवर कोणी नव्हतं. पंधरावीस खुर्च्या, त्यात अर्ध्या रिकाम्या, एक माईक आणि त्यातून येणारी खरखर. नव्या टीममध्ये कॉलेजची सहा पोरं होती. त्यांचे खेळाचे सर हौशी तरुण आहेत, इतिहास शिकवतात आणि वर हे सांभाळतात. एका पोराला मी विचारलं, "कप आणणार का यंदा?" तो लाजून म्हणाला, "काका, विद्यापीठात टीमची एंट्रीच गेली नाही. इकडे पोट्टे भेटत नाही." म्हणजे हे सहा जण केवळ आमच्याशी खेळायला गोळा केले होते. आम्हाला सुट्टी देणारं आता कोणी येणार नाही, हे मला तिथे नीट कळलं. दिवाकरला ते आधीपासून ठाऊक होतं, त्याच्या तोंडावरून दिसलं.

माईकवर नावं पुकारली. एकेक जण मधे जाऊन उभा राहिला. शेवटी माझं नाव आलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जरा चुकीच्या आडनावाने. ज्यासाठी मी एवढी वर्षं जीव टाकला, ते हे होतं. मी गुडघ्याला पट्टा बांधून, पांढरा टीशर्ट घालून, मरून रंगाच्या चार सुटलेल्या पोटांशेजारी उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता. मी आत शोधला. टाळ्या विरळ वाजल्या, आणि मला घरी जावंसं वाटलं.

खेळ सुरू झाला. दिवाकर बॉल घेऊन चालत पुढे आला, पोरं आदराने बाजूला झाली, आणि त्याने डोळे समोर ठेवूनच डाव्या कोपऱ्यात पास फेकला. तिथे कोणी नव्हतं. बॉल रेघेबाहेर गेला आणि रिकाम्या खुर्च्यांखाली जाऊन थांबला. दिवाकरने कधीच बघून त्या कोपऱ्यात पास दिला नव्हता. मनोहर तिथे असायचाच. एक पोरगं पळत जाऊन बॉल घेऊन आलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं, आणि या वेळी दिवाकर बॉलच्या मागे बघत उभा राहिला. हात पुढे तसेच. बाकीचे तिघेही थांबले. पोरांना वाटलं काका दमले, त्यांनी पंचाला थोडं थांबायची खूण केली.

मी माझी जागा सोडली. डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. मनोहर जसा उभा राहायचा तसा, उजवा खांदा पाडून, कारण तो कसा उभा राहतो हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत होतं.

खेळ सुरू झाला. दिवाकर आला. त्याने पाहिलं नाही. बॉल सरळ माझ्या छातीवर आला, मी धरला, आणि दिवाकर ओरडला, "मार मन्या!"

दिवाकरने तोंडावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते, आणि तो मान हलवत होता, नाही नाही, तसं नाही म्हणायचं होतं मला.

"हौ," मी म्हटलं, आणि बॉल मारला.